ऑपरेशन मोफत झाले, पुढच्या पाच महिन्यांचे काय?

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, नाशिक
मा. आयुक्त, नाशिक महानगरपालिका
मा. जिल्हा शल्यचिकित्सक, नाशिक

विषय: अपघातात जखमी झालेल्या कष्टकरी कुटुंबांवर पडणारा उपचारांचा आणि बुडालेल्या मजुरीचा भार

महोदय,

गेली चौदा वर्षे मी सिडकोत फिजिओथेरपीचे एक लहान केंद्र चालवते. अंबडची औद्योगिक वसाहत जवळच असल्यामुळे आणि चहूबाजूंनी बांधकामे चालू असल्यामुळे माझ्याकडे येणारे बहुतेक रुग्ण हातावर पोट असलेले असतात. कोणाची बोटे प्रेस मशीनमध्ये सापडलेली असतात, कोणी स्लॅबच्या सेंट्रिंगवरून पडलेला असतो, कोणाला सकाळी सायकलवरून कामाला जाताना ट्रकने उडवलेले असते. त्यांची हाडे जोडण्याचे काम सर्जनने केलेले असते. जोडलेला अवयव पुन्हा कामाला लावणे हे माझे काम. ते काम अर्धवट टाकून रुग्ण निघून जातात, आणि त्यामागचे कारण जवळजवळ प्रत्येक वेळी पैसा हेच असते, म्हणून हे पत्र आपणा तिघांना जाहीरपणे लिहीत आहे.

शासनाने काही केले नाही, अशी माझी तक्रार नाही. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, तीच पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. सुरुवातीला कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपयांचे संरक्षण होते. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने ते पाच लाखांवर नेण्यात आले आणि पिवळ्या-केशरी कार्डांबरोबर पांढऱ्या कार्डांनाही योजनेत घेतले गेले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले. १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून विनामूल्य आहे. ज्या माणसाच्या मांडीत पूर्वी उसनवारी करून सळई टाकावी लागे, त्याचे ऑपरेशन आज एक रुपया न भरता होऊ शकते, हे मी रोज पाहते. हे पत्र त्या ऑपरेशनच्या आधीच्या रात्रीविषयी आणि नंतरच्या महिन्यांविषयी आहे.

मागच्या वर्षी एक गवंडी माझ्याकडे आला. दुसऱ्या मजल्यावरून पडून गुडघ्याजवळ त्याचे मांडीचे हाड मोडले होते आणि योजनेतून प्लेट बसवली होती. त्याची पत्नी सोबत असायची आणि तिच्या पिशवीत मुलीची शाळेची एक जुनी चौरेघी वही असायची. वहीच्या मागच्या पानांवर तिने अपघाताच्या रात्रीपासूनचा खर्च पेन्सिलीने लिहून ठेवला होता. मी विचारले तेव्हा तिने संकोचत ती पुढे केली. जवळचे म्हणून ज्या खाजगी रुग्णालयात त्याला आधी नेले, तिथे १५,००० रुपये डिपॉझिट भरावे लागले. ते रुग्णालय योजनेत नाही, हे पैसे भरल्यावर कळले. तिथले एक्स-रे आणि सीटी स्कॅन ३,२००. दुसऱ्या दिवशी योजनेतल्या रुग्णालयात हलवायला खाजगी रुग्णवाहिका १,८००. तिथे नऊ दिवस राहिल्यावर सोबत्याचे जेवण आणि रिक्षा मिळून २,७००. घरी आल्यानंतरची औषधे ४,१५०, वॉकर १,४००, सहा वेळा ड्रेसिंगला जाण्या-येण्यासह २,१००, पुढचे दोन एक्स-रे ९००. बेरीज ३१,२५० रुपये. ज्याचे ऑपरेशन पूर्णपणे मोफत झाले, त्याचा हा हिशेब आहे.

त्या पानावर मजुरी नव्हती, कारण न मिळालेला पैसा कोणी खर्चात लिहीत नाही. आम्ही दोघींनी बसून तोही हिशेब मांडला. त्याला दिवसाला ७०० रुपये मिळत आणि महिन्याचे सरासरी चोवीस दिवस काम असे. पाच महिने तो घरी होता, म्हणजे ८४,००० रुपये गेले. ती चार घरी धुणीभांडी करायची. त्याला उचलून बसवायला, बाथरूमला न्यायला कोणी नसल्यामुळे तिने दोन महिने कामे सोडली. त्यात आणखी १२,००० गेले, आणि परत गेली तोवर चारपैकी दोन घरांनी दुसरी बाई लावली होती. वरचा खर्च भागवायला बचत गटातून २०,००० घेतले होते, तर मुकादमाच्या ओळखीने एकाकडून शेकडा पाचने १५,०००. नुसत्या व्याजाचे महिन्याला साडेसातशे रुपये जात होते. तेवढ्या पैशांत त्याच्या फिजिओथेरपीच्या चार खेपा झाल्या असत्या. सातव्या खेपेनंतर तो आला नाही.

तेव्हा त्याचा गुडघा ऐंशी अंशांपर्यंत वाकत होता. प्लेट जागेवर आहे, हाड जुळले आहे, म्हणून रुग्णालयाच्या कागदावर हा उपचार यशस्वी ठरतो आणि वैद्यकीय दृष्टीने त्यात खोटे काही नाही. पण जिना नीट चढायला सुमारे नव्वद अंश लागतात आणि उकिडवे बसायला एकशेतीसच्या वर. गवंडी उकिडवा बसल्याशिवाय फरशी लावू शकत नाही, की पायाची वीट रचू शकत नाही. गुडघ्याचे हे आखडणे पहिल्या दोन-तीन महिन्यांत रोजच्या व्यायामाने बऱ्याच अंशी टाळता येते. त्यानंतर ऊती इतक्या चिकटून घट्ट होतात, की पुन्हा ऑपरेशन करूनही पूर्ण हालचाल मिळेल याची खात्री देता येत नाही. आज तो एका सोसायटीत रात्रपाळीचा पहारेकरी आहे, पूर्वीच्या निम्म्या पगारावर. त्याचे वय एकोणचाळीस आहे.

बोटांची दुखापत मला याहूनही अवघड वाटते. प्रेसखाली सापडलेल्या बोटाचा स्नायुबंध शिवला, तर पुढचे सहा आठवडे त्याला मोजून-मापून हलवावे लागते. जास्त हलवले तर टाका तुटतो, अजिबात हलवले नाही तर तो आजूबाजूला चिकटतो. हे घरी वाचून करण्याचे काम नाही. आठवड्यातून तीन वेळा येणे भाग असते, आणि कंपनी कंत्राटी कामगाराला एका सुट्टीचे पैसे देत नाही तिथे तीन दिवसांचे कोण देणार? मी स्वतः अशा रुग्णांची फी निम्मी करते, कधी घेतही नाही. तरीही ते थांबतात, कारण रिक्षाचे भाडे आणि बुडालेला रोज मी माफ करू शकत नाही.

आता योजनांच्या रचनेविषयी. एकाच प्रकारच्या मोडलेल्या हाडाला आपल्याकडे निरनिराळे न्याय लागतात, आणि कोणता न्याय लागणार हे माणूस कुठे पडला यावर ठरते. रस्त्यावर वाहनाच्या अपघातात पडला, तर ५ मे २०२५ ला अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार मिळतात. कारखान्यात पडला आणि त्याचा पगार २१,००० रुपयांच्या आत असून मालकाने कर्मचारी राज्य विमा निगमात (ईएसआयसी) नाव घातले असेल, तर उपचारांबरोबर कामावर जाता येत नाही त्या दिवसांचे वेतनाच्या सुमारे ९० टक्के पैसेही मिळतात. माझ्या अनुभवात पूर्ण बरे होईपर्यंत येणारे रुग्ण बहुधा हेच असतात, कारण त्यांच्या घरी चूल पेटत असते. बांधकामावर पडला, द्राक्षबागेच्या मांडवावरून पडला, स्वतःच्या घराचे पत्रे शाकारताना पडला, तर मात्र रेशनकार्ड हाच आधार उरतो. त्यावर ऑपरेशन होते, मजुरी भरून निघत नाही. आणि जे हाड ऑपरेशनशिवाय, नुसत्या प्लास्टरने बरे होण्यासारखे असते, त्याच्या बाह्यरुग्ण उपचाराला बहुतेक वेळा योजनेचा उपयोगच होत नाही.

शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यू झाल्यास किंवा दोन अवयव निकामी झाल्यास दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेल्यास एक लाख रुपये मिळतात. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा वर्षाचा हप्ता अवघा २० रुपये आहे, तिच्यातही मृत्यू आणि कायमचे अपंगत्व एवढेच धरले आहे. या योजना हव्यातच. पण ज्याचा हात शाबूत आहे आणि सहा महिने उपयोगाचा नाही, त्याला त्यात जागा नाही. दिंडोरी-निफाडच्या बागांत छाटणी आणि थिनिंगला पेठ, सुरगाणा, हरसूलहून ज्या टोळ्या येतात, त्यांच्यातल्या पुष्कळांच्या नावावर सातबारा नाही, म्हणून त्यांना शेतकऱ्यांची योजनाही लागू होत नाही. बागेत काम करणारे हात त्यांचे असतात, कागदावर शेतकरी दुसराच असतो.

ही आकडेमोड फक्त माझ्या केंद्रापुरती नाही. २०२२ या एका वर्षात देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांच्या संख्येवर आपण बोलतो, जखमींच्या संख्येपाशी थांबत नाही. जागतिक बँकेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आणि महाराष्ट्रासह चार राज्यांत झालेल्या पाहणीत गरीब कुटुंबांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक कुटुंबांनी रस्ते अपघातानंतर उत्पन्न घटल्याचे सांगितले होते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्ये देशाच्या एकूण आरोग्य खर्चापैकी ३९.४ टक्के भाग लोकांनी आपल्या खिशातून भरला. हे प्रमाण काही वर्षांपूर्वीपेक्षा बरेच कमी झाले आहे, ही समाधानाची गोष्ट आहे. मात्र बुडालेली मजुरी या लेख्यांत धरलेली नसते.

जखमी गरिबाला दारातून परत पाठवता येत नाही, हा प्रश्न न्यायालयाने कधीच निकाली काढला आहे. १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील हकीम शेख हे शेतमजूर रेल्वेतून पडले. एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी जागा नाही म्हणून त्यांना परत पाठवले आणि शेवटी खाजगी रुग्णालयात सुमारे १७,००० रुपये खर्चून उपचार घ्यावे लागले. १९९६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला, त्यांना २५,००० रुपये भरपाई दिली आणि निधी नाही ही सबब राज्याला पुढे करता येणार नाही, हेही स्पष्ट केले. हकीम शेख यांचा खर्च मिळाला, कारण त्यांच्यामागे मजुरांची संघटना उभी होती. माझ्याकडे येणाऱ्या एकट्या माणसामागे कोणीही नसते. तो डिपॉझिटचे पैसे भरतो आणि पावती हरवून टाकतो.

म्हणून आपणाकडे काही मागण्या करत आहे. त्यांतली एकही मुंबईहून नवा कायदा येण्याची वाट पाहायला लावणारी नाही.

पहिली मागणी पहिल्या रात्रीची. जखमीला कुठे न्यायचे हे आज शेजारी, रिक्षावाला किंवा खाजगी रुग्णवाहिकेचा चालक ठरवतो, आणि योजनेतले रुग्णालय कोणते हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नसते. हाडांच्या आणि डोक्याच्या दुखापतीसाठी योजनेत असलेल्या रुग्णालयांची नावे मोठ्या मराठी अक्षरांत प्रत्येक पोलीस ठाण्यात, रिक्षा थांब्यावर, मजूर नाक्यावर आणि औद्योगिक वसाहतीच्या प्रत्येक प्रवेशद्वाराशी लावावीत. त्याखाली योजनेचा १५५३८८ हा मोफत क्रमांक असावा. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या कामात रुग्णाला मदत करणारा कर्मचारी, रात्रीही जागेवर सापडला पाहिजे, कारण स्लॅबचे काम आणि महामार्गावरची धडक कार्यालयीन वेळ पाहून होत नाही. योजनेत असूनही आधी डिपॉझिट घेणाऱ्या रुग्णालयाची तक्रार कुठे करायची, हेही त्याच फलकावर लिहावे.

दुसरी मागणी कागदांची. नव्याने लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या कार्डातून निघालेले असते आणि सासरच्या कार्डात चढलेले नसते. धाकट्या भावाचे कार्ड वेगळे झालेले नसते. अंबडमध्ये काम करणाऱ्या बिहार, उत्तर प्रदेशच्या मुलांकडे त्यांच्या राज्याचे कार्ड असते. एरवी ही दुरुस्ती महिना-दोन महिने पुढे ढकलली तर चालते, माणूस अतिदक्षता विभागात असताना चालत नाही. जखमी रुग्णाच्या कार्डाची दुरुस्ती त्याच दिवशी करण्याची स्पष्ट सूचना जिल्हाधिकाऱ्यांनी तालुक्यांच्या पुरवठा शाखांना द्यावी. परराज्यातल्या रुग्णांची आयुष्मान कार्डे तपासून देण्याची जबाबदारी रुग्णालयात एका नेमक्या व्यक्तीवर टाकावी.

तिसरी मागणी, आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी, घरी सोडल्यानंतरच्या महिन्यांची. योजनेच्या पॅकेजमध्ये घरी सोडल्यानंतर साधारण दहा दिवसांपर्यंतची काळजी धरलेली असते. मोडलेला गुडघा दहा दिवसांत वाकत नाही. महापालिकेची रुग्णालये आणि शहरी आरोग्य केंद्रे शहरभर पसरलेली आहेत. सिडको, सातपूर, पंचवटी आणि नाशिकरोड या प्रत्येक विभागात निदान एका केंद्रात फिजिओथेरपीची खोली सुरू करावी आणि ती संध्याकाळी सहा ते नऊ चालावी, म्हणजे हलक्या कामावर परतलेल्या माणसाला दिवसाची मजुरी न बुडवता येता येईल. तिच्यासाठी महागड्या यंत्रांची गरज नाही. दोन खाटा, भिंतीला शिडी, एक स्थिर सायकल, वजनाच्या पिशव्या आणि शिकलेला एक माणूस पुरतो. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातून ठरलेले दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट जावा, कारण तिथल्या रुग्णाला नाशिकपर्यंतचा एक फेरा म्हणजे दिवसाची मजुरी आणि वरती एसटीचे भाडे. याच केंद्रांतून वॉकर, कुबड्या, चाकाची खुर्ची आणि पाण्याची गादी परत करण्याच्या बोलीवर मिळावी. या वस्तूंची गरज तीन-चार महिन्यांची असते, पुढे त्या माळ्यावर धूळ खात पडतात. माझ्या केंद्राच्या जिन्याखाली लोकांनी सोडून दिलेले अकरा वॉकर उभे आहेत आणि मी ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरवत असते. एका महापालिकेला हे कितीतरी मोठ्या प्रमाणावर करता येईल.

चौथी मागणी मजुरीची. कामावर जखमी झालेल्या मजुराचा उपचार खर्च आणि कामावर नसलेल्या दिवसांची भरपाई मालकाने द्यावी, हे तत्त्व आपल्याकडे १९२३ च्या कायद्यात होते आणि ते २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही कायम राहिले आहे. मुकादमाने नेमलेल्या मजुराची जबाबदारी मूळ काम देणाऱ्यालाही टाळता येत नाही. तरीही माझ्या चौदा वर्षांत नाक्यावरून गेलेल्या एकाही मजुराला ही भरपाई मागणे जमलेले मी पाहिले नाही, कारण तो त्या जागेवर काम करत होता याचा कागदच नसतो. बांधकाम कामगार मंडळाच्या नोंदणीला नव्वद दिवस काम केल्याचा दाखला लागतो आणि रोज वेगळ्या ठेकेदाराकडे जाणाऱ्याला तो द्यायला ठेकेदार कचरतात.

येथे सिंहस्थाचा उल्लेख करणे मला आवश्यक वाटते. २०२६-२७ च्या कुंभमेळ्यासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरमध्ये रस्ते, पूल, घाट आणि मलनिस्सारणाची कामे मोठ्या प्रमाणावर चालू आहेत आणि ती मुदतीत संपवायची घाई आहे. घाईच्या कामावर माणसे जास्त पडतात. ही सर्व कामे शासनाच्या पैशाने होत असल्यामुळे ठेकेदाराला अट घालण्याचा पूर्ण अधिकार आपणाकडे आहे. प्रत्येक मजुराची मंडळाकडे नोंदणी, जागेवर हजेरीपट, जखमी झाल्यास उपचार आणि निम्म्या मजुरीची हमी, आणि या गोष्टी पाळल्याचा पुरावा दिल्याशिवाय पुढचे देयक न काढणे, एवढे निविदेच्या अटींत आणि चालू कामांसाठी लेखी आदेशात आले, तर हजारो घरे कर्जापासून वाचतील. साधुग्रामाची जागा आणि स्नानाच्या तारखा यांचा आढावा ज्या बैठकांत घेतला जातो, त्याच बैठकांत दर महिन्याला जखमी मजुरांचा आकडा आणि त्यांना मिळालेल्या भरपाईचा आकडाही मांडला जावा.

आणखी एक लहानशी गोष्ट. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्यात, असा नियम आहे. त्या खाटांपैकी आज किती रिकाम्या आहेत, हे रुग्णाच्या नातेवाइकाला दारात विचारल्याशिवाय कळत नाही आणि दारात विचारल्यावर मिळणाऱ्या उत्तरावर विसंबता येत नाही. धर्मादाय सहआयुक्तांच्या मदतीने ही संख्या रोज जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर लावता येईल.

माझ्या ओळखीचे शहरातील काही फिजिओथेरपिस्ट आठवड्यातील दोन संध्याकाळी विनामोबदला काम करायला तयार आहेत आणि त्यांत मीही आहे. आम्हाला महापालिकेच्या एखाद्या केंद्रातली संध्याकाळी बंद असलेली एक खोली आणि तिची किल्ली हवी आहे. सिडकोतून सुरुवात केली तर त्या गवंड्यासारखे जे रुग्ण मध्येच थांबले आहेत, त्यांच्यातल्या ज्यांचे सांधे अजून पूर्ण आखडलेले नाहीत, त्यांची यादी फोन क्रमांकांसह माझ्याकडे तयार आहे. आपण वेळ द्याल त्या दिवशी ती यादी रुग्णांच्या संमतीने घेऊन आम्ही भेटायला येऊ.

आपली नम्र,
एक फिजिओथेरपिस्ट
सिडको, नाशिक